पांगुळगाड्यावरचा अहवाल

कण्हेरगावच्या वाचनालयात सहा जुने संगणक होते आणि त्यांवर एक साधी, जगभर वापरली जाणारी ऑपरेटिंग सिस्टिम. आसपासच्या वाड्यांतली मुलं-मुली भरतीचे अर्ज तिथेच येऊन भरत. तीच सिस्टिम काढून टाकायला तपासणीसाठी आलेले तज्ज्ञ, प्रा. हेरंब गुर्जर, निघाले होते. ती गेली की अर्ज भरणं बंद, हे ग्रंथपाल शर्वरी ढमढेरेला दिसत होतं.

"अहो मॅडम, हा पांगुळगाडा आहे!" गुर्जर सर कडाडले. "खरा संगणक शिकावा लागतो. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागतात. इथे कुणीही येतो नि बसतो! मी असल्या सिस्टिमला आजवर हातसुद्धा लावलेला नाही."

"मग हे लेखी द्या ना, सर. पाचला वाचनालय समितीची बैठक आहे, निर्णय तिथेच होईल."

सर तावातावाने समोरच्याच संगणकावर बसले. पाऊण तासात दोन पानं मराठीत टाइप झाली, छापूनही आली. सरांनी झोकात सही ठोकली.

शर्वरीने ती शांतपणे वाचली. "छान झालाय अहवाल. खाली मी एकच ओळ लिहिते: 'सरांनी हा याच सिस्टिमवर, पहिल्यांदाच बसून, कुणालाही काही न विचारता तयार केला.' चालेल ना?"

सरांनी कागद परत घेतले, घडी करून खिशात घातले. "संगणकातली प्रतही काढून टाका," ते पुटपुटले.

"तुम्हीच टाका ना, सर. कचऱ्याच्या टोपलीचं चित्र समोरच आहे. तेही शिकावं लागत नाही."