राजाची गादी आणि बिनकान्याची ओळ

"प्रकाश वाकतो म्हणे! प्रकाश म्हणजे काय चिंचेचा फोक आहे?" गजबाहू राजा कडाडला.

ज्योतिषी भिकंभट जोशींनी सूर्यग्रहणात पाहिलं होतं, की सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा किरण किंचित वळतो. त्यांनी ते राजाला लिहून कळवलं, हीच चूक झाली! लहानपणी राजे 'कमळ, बदक, फणस' इथवर शिकले आणि काना आल्याबरोबर शाळेतून पळाले. हे साऱ्या राज्याला ठाऊक, पण बोलायची कुणाची प्राज्ञा? कागद वाचता येईना, प्रधानांकडून वाचून घ्यावा लागला; तो राग जोशींवर निघाला. जोशी कोठडीत!

दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी तुंगा दरबारात उभी राहिली.

"एका ओळीत लिहून पटव," राजा म्हणाला. "पण काना नको, मात्रा नको, वेलांटी-उकार नको, टिंबसुद्धा नको! जमलं नाही, तर तुझा बाप जन्मभर आत."

प्रधान मिशीत हसले. तुंगानं तबकातली सुपारी उचलली.

"महाराज, जरा उठता?"

राजा उठला. तिनं गादीवर सुपारी घरंगळत सोडली. ती सरळ पलीकडे गेली.

"आता बसा."

राजा बसला. गादी हातभर खचली! तुंगानं सुपारी पुन्हा तशीच सोडली. ती वळत वळत थेट राजाच्या मांडीशी!

"आकाश ही गादी, सूर्य म्हणजे आपण आणि किरण ही सुपारी," म्हणत तिनं पाटीवर एक ओळ लिहून पुढे केली.

राजानं बोट ठेवून वाचलं, "जड जवळ, सरळ पण वळण." अख्खी ओळ वाचली! त्याला कोण आनंद झाला!

"सरळ की वळण? एक काय ते ठरव!" प्रधान खेकसले.

"सुपारी सरळच निघाली, प्रधानजी. वाटच खचली, त्याला ती काय करणार? महाराजांजवळ आलं की तुम्ही नाही वाकत?"

प्रधान मिशी चावू लागले.

"म्हणजे मी जड?" राजानं विचारलं.

"सूर्याइतके, महाराज!"

राजा खो खो हसला. पोट हललं, गादी हलली, सुपारी टुणकन उडाली.

"माग हवं ते! पण तेही बिनकाना-मात्रेचं!"

तुंगा गोंधळली. 'बाबा' लिहावं तर दोन काने. 'वडील' म्हणावं तर वेलांटी. तिला रडूच आलं. मग एकाएकी तिनं पाटी पुसली आणि दोन शब्द लिहिले.

राजानं मोठ्यानं वाचलं, "जनक परत!"

"शाबास! उघडा कोठडी!" हसता हसता राजानं अंगावरची शाल तिच्या खांद्यावर टाकली. मग हळूच म्हणाला, "पोरी, उद्यापासून रोज येत जा. तो काना मला एकदाचा शिकव!"