लोहाराचं पिंप

फार फार जुनी गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी एक धर्मशाळा होती. तिथे एक म्हातारी लोहारीण वाटसरूंसाठी रांधायची. त्या डोंगरात पिकून पिकून काय पिकायचं, तर अळकुड्या, म्हणजे अळूचे कंद. त्या सोलताना हात असे खाजायचे की विचारू नका. रोज संध्याकाळी तिचा नवरा, गावचा लोहार, तिच्या हातांना आमसुलाचं पाणी चोळायचा. पण आता हातांना भेगा पडल्या होत्या. आवडीची चूल सोडायची वेळ तिच्यावर आली होती.

लोहाराला ते बघवेना. त्यानं एक पिंप घडवलं. आतून किसणीसारखा दातेरी पत्रा, बाहेर फिरवायला दांडा. टोपलीभर अळकुड्या आत टाकून त्यानं दांडा फिरवला. साली निघाल्या, फक्त अळकुड्यांच्या खळग्यांत थोड्या राहिल्या.

आता हा लोहार पडला भारी काटेकोर. एवढासा डाग दिसला तरी त्याला चैन पडत नसे.

"राहू द्या की तेवढं," लोहारीण म्हणाली.

"करायचं तर चोख करायचं," असं म्हणत तो पिंप फिरवत राहिला. शेवटी अळकुड्या पांढऱ्याशुभ्र झाल्या, पण बोराएवढ्या उरल्या. बाकीचा गर सालींबरोबर गेला.

धर्मशाळेची रीत अशी, की वाटसरू जेवल्यावरच रांधणारीनं जेवायचं. त्या दिवशी सगळे जेवले आणि पातेलं रिकामं झालं.

"मला आज भूकच नाही," ती म्हणाली आणि तांब्याभर पाणी प्यायली.

लोहाराला फार वाईट वाटलं. तो तिच्याजवळ बसला. "तुझ्या हातांसाठी केलं गं, आणि तुझ्याच तोंडचा घास घालवला."

"वरची साल पिंपाला काढू द्या," ती म्हणाली. "खळग्यातली मी सुरीच्या टोकानं काढीन. तेवढ्यानं काही माझे हात जायचे नाहीत."

लोहारानं पत्र्याचे दात घासून बोथट केले. पिंपात पाणी घातलं, लहान-मोठ्या अळकुड्या वेगळ्या फिरवल्या आणि वेळेवर थांबला.

हळूहळू तिचे हात बरे झाले. एके दिवशी वाटसरू जेवून गेले तरी पातेल्यात दोघांपुरतं उरलं होतं. तिनं त्याला वाढलं. एका फोडीवर सालीचा ठिपका राहिला होता. लोहारानं तो पाहिला, तिच्याकडे पाहिलं आणि ती फोड गोड मानून खाल्ली.

म्हणून सांगतो, दोष काढावा तो सालीपुरताच, आतला गर जपावा.