दोरी कोणाच्या हाती

एकदा एक व्यापारी दीर्घ ज्वराने क्षीण होऊन एका वृद्ध वैद्यांच्या रुग्णशाळेत आला. ज्वर उतरला, पण झोप पार उडाली. "झोप लागली तर औषध लागू पडेल. नाहीतर मीही हात टेकले," असे वैद्यांनी त्याच्या पत्नीला स्पष्टच सांगितले.

रुग्णाला निद्रा मिळवून देण्याचे काम वैद्यांच्या शिष्याने अंगावर घेतले. शिष्य हुशार होता, आणि ती हुशारी चारचौघांना दिसावी अशी त्याची इच्छाही होती. ओरडून 'शांत बसा' म्हणणे म्हणजे गोंगाटात भरच, हे त्याने बरोबर ओळखले. त्याने अंगणात खांब रोवला, कप्पीवरून दोरी घेतली आणि तिला दोन फडकी बांधली. दोरी थोडी ओढली की पिवळे फडके वर येई, म्हणजे आवाज आवरा. पूर्ण ओढली की लाल, म्हणजे अगदी गप्प. लोकांनी ते मुकाट मानले. खलात मुळ्या कुटणाऱ्या बायका थांबल्या, मुलांचे खेळ थांबले, अंगण दिवसभर चिडीचूप राहू लागले. व्यापारी मात्र टक्क डोळ्यांनी आढ्याकडे बघत पडलेला असे.

एका सकाळी वैद्यांनी ती दोरी खिडकीतून आत घेतली आणि तिचे टोक व्यापाऱ्याच्या हातात दिले. शिष्याचा चेहरा पडला. "गुरुजी, त्यांना धड उठून बसवत नाही, ते काय शांतता राखणार?"

त्या दिवशी खल दणाणले, मुले किंचाळली, कोणाचा तरी तांब्या पायऱ्यांवरून गडगडत गेला. शिष्य पुन्हा पुन्हा खांबाकडे बघत होता, पण फडके काही हलले नाही. अखेर त्याला राहवेना. त्याने पलंगापाशीच वैद्यांना गाठले आणि रोजच्यासारखा अगदी हळू कुजबुजला, "लक्षण ठीक दिसत नाही, गुरुजी. घरच्यांना कल्पना देऊन ठेवू का?"

बाहेर लाल फडके सरसर वर गेले.

शिष्याने चिडून अंगणात पाहिले. सगळे जागच्या जागी गप्प झाले होते. बोलत होता तो एकटाच. त्याची नजर व्यापाऱ्याच्या आवळलेल्या मुठीकडे वळली आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

वैद्य त्याला ओसरीवर घेऊन गेले. "बाळा, तुझी खूण उत्तम आहे. पण आवाज तू आपल्या कानाने मोजलास. खल वाजतो तेव्हा त्यांना कळते, आपल्यासाठी औषध कुटले जात आहे. तू अंगण निःशब्द केलेस आणि त्यांना ऐकायला उरली ती तुझी कुजबुज. ज्याला आवाज सोसायचा आहे, खूण त्याच्याच हाती हवी."

शिष्य आत गेला. पलंगाशी बसून मोकळ्या आवाजात म्हणाला, "शेठजी, चुकलो. उद्या थोडी पेज घेऊन बघू या."

व्यापाऱ्याची मूठ सैल झाली. फडके खाली आले, खल पुन्हा सुरू झाले, आणि त्या दणदणाटात शेठजी घोरू लागले. घोरणे खलाच्याही वरताण होते. शिष्य ते ऐकत स्वस्थ बसून राहिला.