सागावरची खूण

माणूस लिहायला शिकला त्याच्याही कितीतरी आधी, एका रानात सुतारपक्षी गाण्यांची नोंद ठेवायचा. नवं गाणं ऐकायचा आणि त्याचा ठेका चोचीनं सागाच्या खोडावर कोरायचा, शेजारी रचणाऱ्याची खूण.

दयाळ पक्ष्यानं गाणं रचलं आणि त्याच दिवशी तो नोंद करून आला. पाखरं हसली, "गाणं का कुणी चोरतं?"

दोन पावसाळे गेले. नकला करण्यात पटाईत असलेला कोतवाल पक्षी तेच गाणं शेंड्यावर बसून गाऊ लागला. "हे माझंच! दयाळ माझं ऐकून शिकला," असंही सांगू लागला. पाखरांना ते पटलं, कारण दयाळाची नोंद ती विसरली होती आणि गाणं रोज कोतवालाकडूनच ऐकत होती.

दयाळ सुतारपक्ष्याकडे गेला. सुतारपक्षी सगळ्यांना सागापाशी घेऊन गेला. "हा याच गाण्याचा ठेका, शेजारी दयाळाची खूण. कडेची साल बघा, दोन पावसाळ्यांत भरून आलीय. कोतवाला, तुझी खूण कुठाय?"

कोतवालानं मान खाली घातली.

"गा की खुशाल," दयाळ म्हणाला. "फक्त आधी माझं नाव घेत जा."

काही दिवसांनी कोतवाल एकटाच सागापाशी आला.

"सुतारदादा," तो चाचरत म्हणाला, "एक गाणं आहे. लहानसंच आहे, पण माझं आहे."