पाठराखिणीच्या नावावर

एका राज्यात शशिप्रभा राणी नवी नवरी होऊन आली, आणि तिच्याबरोबर माहेरहून पाठराखीण म्हणून आली दासी हौसा. हौसाच्या जिभेला हाड नव्हतं. "ताईसाहेब, हा शालू तुम्हांला शोभत नाही," असं ती सासूबाईंच्या देखत म्हणे, आणि शालू सासूबाईंनीच दिलेला असे!

त्या राज्याची रीत अशी, की वर्षभर नवरीची चूक पाठराखिणीच्या नावावर जाई. पेला फुटला, हौसाने फोडला. खीर करपली, हौसाने करपवली. सगळे हसत आणि विसरून जात. राणीला त्याची सवयच जडली.

राजाच्या खजिन्यात कालदंष्ट्र मांत्रिकाचं कंकण ठेव म्हणून ठेवलेलं होतं. त्याला हात लावायचा नाही, अशी राजाज्ञा होती. राणीने एके दिवशी ते मनगटात चढवलंच.

"काढा ते," हौसा म्हणाली. "दुसऱ्याचं आहे. राणीने केली म्हणून चोरीचं नाव बदलत नाही."

राणीने नाक मुरडलं आणि कंकणासकट ती दरबारात येऊन बसली, मागे हौसा. तोच दरबारात धूर दाटला आणि धुरातून कालदंष्ट्र प्रकटला.

"माझं कंकण कोणी घातलं?"

राणीने हात पदराआड नेला. "हौसाने."

परक्या मांत्रिकाला इथली रीत काय ठाऊक! त्याने हौसाच्या नावाने मंत्र उच्चारला. कंकण पदराआडून नाहीसं झालं आणि हौसाच्या मनगटावर उमटलं. हौसाने बोलायला तोंड उघडलं, आणि तशीच, कंकणासकट, तिची शिळा झाली. कालदंष्ट्र धुरात विरून गेला. सांगायलाही लाज वाटते, पण राणीला क्षणभर हायसं वाटलं. मग मात्र तिला त्या उघड्या तोंडाकडे बघवेना.

शिळेवर एक साळुंकी येऊन बसली. "राणी, तीन कामं कर, म्हणजे शाप सुटेल. बर्फाच्या सरोवराचं पाणी आण. राक्षसिणीच्या चुलीतला निखारा आण. तिसरं मग सांगेन."

राणी अनवाणी गेली. पाणी आणलं, निखाराही आणला. तळहात पोळले, पायांची चाळण झाली. नगरजन जयजयकार करू लागले, "दासीसाठी एवढं कोण करतं!" ते ऐकून राणीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"आता भरल्या दरबारात सांग," साळुंकी म्हणाली, "कंकण कोणी घातलं?"

राणी उठली. "आमच्या हातून चूक झाली."

शिळा ढिम्म हलली नाही.

"रीतीप्रमाणे हौसाचं नाव घेतलं गेलं."

शिळा तशीच.

राणी सिंहासनावरून खाली उतरली. सासूबाई बघत होत्या, राजा बघत होता. तिचे कान तापले.

"कंकण मी घातलं. हौसा नको म्हणत होती. मी भ्याले आणि तिचं नाव घेतलं. ती दगड झाली, तेव्हा मला बरं वाटलं."

राजाने मान फिरवली. कंकण तडकून खाली पडलं आणि हौसाने श्वास घेतला.

राजाने कंकण कालदंष्ट्राला परत पाठवलं आणि ती रीत त्याच दिवशी मोडली. हौसाने माहेरी जायची परवानगी मागितली. राणीने स्वतःच्या पोळलेल्या हातांनी तिची ओटी भरली. "राहा" म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण धीर झाला नाही.

"आईसाहेबांनी विचारलं, का परत आलीस, तर काय सांगू?" हौसाने विचारलं.

राणी खाली बघत म्हणाली, "घडलं तेच सांग."

"तेच सांगणार होते," हौसा म्हणाली, आणि ओटी सावरत चालू लागली.