भिंगरी पाकोळी आणि पिकअपचं टीं

एक होती पाकोळी. इवलीशी. काळीभोर पाठ, पांढरं पोट, शेपटीला दोन टोकं. तिचं नाव भिंगरी.

भिंगरीचं घरटं होतं गॅरेजमध्ये. अगदी वर, छताच्या लोखंडी पट्टीला चिकटलेलं. चिखलाचं घरटं. वाटीएवढं. घरट्यात तीन पिल्लं. तीन चोची. सारख्या उघड्या. ची ची ची! ची ची ची!

गॅरेज होतं द्वारकाकाकूंचं. काकूंची एक हिरवी पिकअप होती. काकू तिच्यात फुलझाडांची रोपं भरायच्या आणि गावोगाव न्यायच्या. गॅरेजचं दार लोखंडी. खूप खूप जड. हातानं हलायचं नाही. काकूंकडे एक छोटा रिमोट होता. बटण दाबलं, की रिमोट करायचा टीं आणि दार वर. घर्रर्र! पुन्हा दाबलं, की दार खाली. घर्रर्र!

एकदा काय झालं, सकाळी भिंगरी किडे धरायला बाहेर गेली. काकूंनी पिकअप अंगणात काढली. दार लावलं. घर्रर्र! घरट्याचं काकूंना काहीच माहीत नव्हतं.

मग काकू विहिरीवर गेल्या. पाणी काढायला वाकल्या. पदराची गाठ सुटली. रिमोट निसटला.

डुबुक!

"अगं बाई! बुडाला!" काकू म्हणाल्या. त्यांनी परत येऊन दार ओढलं. दार ढकललं. दार ढिम्म!

"आता हातातला रिमोट नकोच," काकू म्हणाल्या. "मिस्त्रींना सांगते, पिकअपमध्येच बटण बसवा. मग हरवेल कसं?" आणि काकू फोन करायला घरात गेल्या.

इतक्यात भिंगरी आली. भिर्र भिर्र! चोचीत किडा. बघते तर काय, दार बंद!

आतून आवाज आला. ची ची ची! ची ची ची!

भिंगरीनं चोच उघडली. किडा पडला. ती म्हणाली,
"दारदादा, दारदादा, उघड ना!
पिल्लं माझी उपाशी,
सांगू तरी कुणापाशी?"

दार म्हणालं, "रिमोट तर बुडाला. मी नाही उघडणार! पिकअपनं टीं केलं, तर उघडीन."

भिंगरी निघाली. भिर्र भिर्र! आली पिकअपपाशी. आरशावर बसली.

"पिकअपताई, पिकअपताई, टीं कर ना!
दार उघडेना.
पिल्लं माझी उपाशी,
सांगू तरी कुणापाशी?"

पिकअप म्हणाली, "मी नाही टीं करणार! मला पोंऽऽ येतं. टीं येत नाही. मिस्त्रीनं बटण बसवलं, तर करीन."

भिंगरी निघाली. भिर्र भिर्र! आली मिस्त्रीकाकांच्या दुकानात. मिस्त्रीकाका डोकं खाजवत उभे होते.

"मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, बटण बसवा ना!
पिकअप टीं करीना,
दार उघडेना.
पिल्लं माझी उपाशी,
सांगू तरी कुणापाशी?"

मिस्त्रीकाका म्हणाले, "बटण आहे गं माझ्याकडे. हे बघ, नवं कोरं! पण स्क्रू पिळायचा पेचकस आहे पेटीत. आणि पेटीवर बसलीय मनी. हात नेला, की फिस्स करते! मी नाही बटण बसवणार. मनी उठली, तर बसवीन."

आता आली का पंचाईत! मनी म्हणजे मांजर. आणि भिंगरी म्हणजे पाखरू.

भिंगरीचं काळीज धडधडलं. धक धक, धक धक! पण पिल्लं आठवली. ती उंच फळीवर बसली. तिथूनच म्हणाली,

"मनीमावशी, मनीमावशी, ऊठ ना!
मिस्त्री बटण बसवीना,
पिकअप टीं करीना,
दार उघडेना.
पिल्लं माझी उपाशी,
सांगू तरी कुणापाशी?"

मनीनं एक डोळा उघडला. "ऐकू येत नाही गं. खाली ये ना, जवळ ये."

"नको नको," भिंगरी म्हणाली. "मी इथूनच बोलते."

मनीनं जांभई दिली. "मी नाही उठणार! शेळीनं दूध दिलं, तर उठेन."

भिंगरी निघाली. भिर्र भिर्र! दुकानाच्या मागे मिस्त्रीकाकांची शेळी बांधली होती.

"शेळीताई, शेळीताई, दूध दे ना!
मनी उठेना,
मिस्त्री बटण बसवीना,
पिकअप टीं करीना,
दार उघडेना.
पिल्लं माझी उपाशी,
सांगू तरी कुणापाशी?"

शेळी म्हणाली, "बेंऽऽ! पोटात काही नाही, दूध कुठून देऊ? मी नाही दूध देणार! शेवरीनं पाला दिला, तर देईन."

शेवरीचं झाड शेळीच्या शेजारीच होतं. पण त्याच्या फांद्या उंच, उंच. भिंगरी वर गेली. भिर्र भिर्र!

"शेवरीबाई, शेवरीबाई, पाला दे ना!
शेळी दूध देईना,
मनी उठेना,
मिस्त्री बटण बसवीना,
पिकअप टीं करीना,
दार उघडेना.
पिल्लं माझी उपाशी,
सांगू तरी कुणापाशी?"

शेवरी म्हणाली, "तहान लागलीय गं. फांदी वाकवायला अंगात जोर नाही. मी नाही पाला देणार! पाट वाहिला, तर देईन."

शेवरीच्या मुळाशी पाण्याचा पाट होता. पण पाट कोरडा! भिंगरी खाली आली. भिर्र भिर्र!

"पाटदादा, पाटदादा, वाहा ना!
शेवरी पाला देईना,
शेळी दूध देईना,
मनी उठेना,
मिस्त्री बटण बसवीना,
पिकअप टीं करीना,
दार उघडेना.
पिल्लं माझी उपाशी,
सांगू तरी कुणापाशी?"

पाट म्हणाला, "ओढ्यापाशी माझ्या तोंडात दगड अडकलाय. मी नाही वाहणार! खेकड्यानं दगड काढला, तर वाहीन."

भिंगरी दमली. पंख दुखले. तरी निघाली. भिर्र... भिर्र...

ओढ्याकाठी एक बीळ होतं. बिळात एक खेकडा. दोन मोठ्या नांग्या. दोन डोळे, काडीवर बसवल्यासारखे. तो वाकडा वाकडा बाहेर आला. तुरू तुरू, तुरू तुरू.

"अहो खेकडोबा, अहो खेकडोबा, दगड काढा ना!
पाट वाहीना,
शेवरी पाला देईना,
शेळी दूध देईना,
मनी उठेना,
मिस्त्री बटण बसवीना,
पिकअप टीं करीना,
दार उघडेना.
पिल्लं माझी उपाशी,
सांगू तरी कुणापाशी?"

खेकडा म्हणाला, "दगड काढला, तर मला काय देशील?"

भिंगरी काय देणार? तिच्याकडे काहीच नव्हतं. चोचीतला किडासुद्धा पडला होता.

"खेकडोबा," ती हळूच म्हणाली, "माझ्याकडे द्यायला काही नाही. पण माझी पिल्लं जेवली ना, तर मी रोज तुमची आठवण काढीन. रोज म्हणेन, खेकडोबांचं भलं होवो."

खेकड्याचे डोळे गोल गोल फिरले.

"माझं? भलं होवो? अगं, मला बघून सगळे पळतात! नांगी मारेल म्हणतात. आणि तू मला अहो म्हणालीस. खेकडोबा म्हणालीस."

खेकड्यानं नाक पुसलं. खेकड्याला नाक असतं का? असेल किंवा नसेल. पण त्यानं पुसलं.

"सरक बाजूला," तो म्हणाला. "काढतो दगड!"

खेकड्यानं दगडाखालची माती उकरली. खर्र खर्र! नांगी घातली. हुंऽऽ! जोर लावला. हुंऽऽ हुंऽऽ! आणि दगड गडगडला. गडड् गडड् धप्प!

"खेकडोबा, भलं होवो तुमचं!"

पाट वाहू लागला. खळ खळ, खळ खळ!

"पाटदादा, भलं होवो तुझं!"

पाणी गेलं शेवरीच्या मुळाशी. शेवरी पाणी प्यायली. घट घट, घट घट! तिच्या अंगात जोर आला. तिनं फांदी वाकवली. अशी! खाली, खाली, शेळीच्या तोंडापाशी.

"शेवरीबाई, भलं होवो तुझं!"

शेळीनं पाला खाल्ला. कर्रम कर्रम! पोट टम्म झालं.

"या हो मिस्त्री," शेळी म्हणाली, "काढा दूध!"

मिस्त्रीकाका वाटी घेऊन बसले. चुळ्ळ चुळ्ळ, चुळ्ळ चुळ्ळ! वाटी भरली.

"शेळीताई, भलं होवो तुझं!"

वाटी ठेवली जमिनीवर. मनीनं वास घेतला. शेपटी उंच केली. पेटीवरून उडी मारली. टुप्प! दूध प्यायली. लप लप, लप लप!

भिंगरी उंच फळीवरून म्हणाली, "मनीमावशी, भलं होवो तुझं!"

मिस्त्रीकाकांनी पेटी उघडली. पेचकस घेतला. बटण घेतलं. आणि धावत गेले अंगणात. पिकअपमध्ये बसले. आरशाच्या वर, छताला बटण लावलं. स्क्रू पिळला. किर्र किर्र! लाल वायर जोडली. काळी वायर जोडली. दाराशेजारी रिमोटचं टीं ऐकणारी एक डबी होती, तिलाही पिकअपच्या टींची ओळख करून दिली.

"काकू, अहो काकू, या लवकर!" त्यांनी हाक मारली. "बटण झालं! आता दाबा तुम्हीच."

"मिस्त्रीकाका, भलं होवो तुमचं!"

काकू पिकअपमध्ये चढल्या. बोट वर नेलं. बटण दाबलं.

पिकअप म्हणाली, "टीं!"

दारानं ऐकलं. दार म्हणालं, "आलो आलो!"

घर्रर्र!

दार अर्धंच वर गेलं होतं. तेवढ्यात भिंगरी त्याच्याखालून आत. भिर्रर्र!

घरट्यात बघते तर काय? एक चोच उघडी. ची! दुसरी चोच उघडी. ची! आणि तिसरी? तिसरी मिटलेली. तिसरं पिल्लू मान टाकून पडलं होतं.

भिंगरी बाहेर आली. अंगणात किडे उडत होते. एक धरला. परत गेली. धाकट्याच्या चोचीला चोच लावली. थांबली.

धाकट्यानं डोळा उघडला. चोच उघडली. किडा गिळला.

"ची!"

मग भिंगरी आत, बाहेर, आत, बाहेर. भिर्र भिर्र, भिर्र भिर्र! एक घास मोठ्याला, एक मधल्याला, दोन धाकट्याला.

काकू मान वर करून बघतच राहिल्या. मिस्त्रीकाकांनी त्यांना सगळी हकिगत सांगितली.

"अगं माझे बाई! तुझी लेकरं आत होती, आणि मी दार लावून बसले? आणि एवढी सगळी धावपळ तू केलीस?" काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुझ्यामुळे वाचली हो. नाहीतर मला कधी कळलंच नसतं."

भिंगरी पट्टीवर बसली. म्हणाली, "मी एकटी कुठे काकू?
खेकडोबांनी दगड काढला,
पाट वाहिला,
शेवरीनं पाला दिला,
शेळीनं दूध दिलं,
मनी उठली,
मिस्त्रींनी बटण बसवलं,
पिकअपनं टीं केलं,
दार उघडलं.
पिल्लं माझी जेवली,
सगळ्यांनी वाचवली!"

काकूंनी पदरानं डोळे पुसले. म्हणाल्या, "मिस्त्री, पेटी बंद करू नका. अजून एक काम आहे."

"सांगा ना काकू."

"भिंतीतली ती वरची वीट दिसते? अगदी छताजवळची? ती काढा."

मिस्त्रीकाका शिडीवर चढले. छिन्नी लावली. ठक ठक, ठक ठक! वीट निघाली. भिंतीत एक भोक झालं. गॅरेजमध्ये उन्हाची एक तिरीप आली. ती बरोब्बर घरट्यावर पडली.

"हे तुझं दार, भिंगरी," काकू म्हणाल्या. "याला बटण नाही. हे कधी बंद व्हायचं नाही."

भिंगरी त्या दारातून बाहेर गेली. पुन्हा आत आली. पुन्हा बाहेर गेली. भिर्र भिर्र, भिर्र भिर्र! तिला गंमतच वाटली.

आठ दिवसांनी त्याच दारात तीन पिल्लं येऊन बसली. ओळीनं. मोठं उडालं. भिर्र! मधलं उडालं. भिर्र! धाकटं जरा घाबरलं. खाली बघितलं. आईकडे बघितलं. आणि तेही उडालं.

भिर्र!

पाखरं गेली आभाळात, गोष्ट आली कानात, आता तुम्ही डोळे मिटा!