करंजखोपची लोखंडी माहेरवाशीण

बसा बाबांनो, जरा सावलीला सरका. फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट, आगीनगाडी नवी होती तेव्हाची.

करंजखोप तेव्हाही डोंगरावरच होतं, आणि गावाची विहीर तेव्हाही चढाच्या पायथ्याशीच होती. बायका रोज घागरी घेऊन चढायच्या. त्या विहिरीजवळून रूळ गेले आणि वर गावाशी गाडीचा थांबा झाला. पण गाडीत कुणी बसेना. ती मैलामैलाला माणूस खाते, असं तेव्हा म्हणत. शिट्टी आली की लोक पोरं घरात ओढायचे नि कडी लावायचे.

गावात येसाई नावाची सुईण होती. तिचा हात लागला की आडवं मूल सरळ व्हायचं, असं म्हणतात. तिची एकुलती एक लेक भागू, पहिलटकरीण. जावई रुळावर खडी टाकायला होता, त्याला गाडीचं भ्या नव्हतं. त्यानं भागूला आपल्या धाकट्या भावासोबत गाडीत बसवून माहेरी धाडलं.

वैशाखाचं ऊन. गाडी विहिरीपाशी आली आणि दम टाकून बसली. इंजिनाच्या पोटातलं पाणी सरलं होतं. भागूचा दीर धावत चढ चढून आला.

"मावशी, चला! गाडी बसलीय, नि वयनीला कळा सुटल्यात!"

येसाई उतरली, मागून अर्धा गाव उतरला. तिनं लेकीच्या पोटावर हात ठेवला आणि तिचं तोंड उतरलं. "झोळीत घालून चढवली तर दोन्ही जीव जातील. इथं डबा तव्यागत तापलाय. गाडीच वर गेली पायजे."

गोरा डायवर रिकामी बादली उपडी धरून विहिरीकडं बोट दाखवत होता. पण विहिरीचा तळ दिसत होता. राणोजी पाटील आडवे आले. "गावाच्या तोंडचं पाणी ह्या राक्षशिणीला? नि पाण्यानं आग चालते व्हय गं?"

"राक्षशीण नाय, पाटील. माझ्या लेकीला उन्हातान्हाची घेऊन आलीय. दारात आलेली माहेरवाशीण ही. हिला तहानलेली ठेवून कुठल्या तोंडानं गावात मिरवाल?"

पाटील विहिरीकडं वळले. मग पहिली घागर त्यांनीच शेंदली, असं म्हणतात.

आता माहेरवाशिणीला नुसतं पाणी कसं द्यायचं? येसाईनं चाकांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. आणि बायकांनी, डायवरचं लक्ष नसताना, घागरीघागरीत गूळ कालवला. विहीर जेवढी उपसली तेवढी भरत गेली, असं म्हणतात.

इंजिन पुन्हा पेटलं, आणि मग काय! धुराड्यातून पांढरा फेस उसळला नि डायवरच्या दाढीवर उडाला. तो हातवारे करत ओरडायला लागला. मग त्यानं ओठ चाटले, बायकांकडं बघितलं, आणि कपाळाला हात लावून हसत सुटला.

गाडी फेस गाळत, फुरफुरत चढाला लागली. मागच्या उघड्या डब्यात गावच्या बायका घागरी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जन्मात पहिल्यांदा त्या तो चढ बसून चढल्या. "अगं, माझे गुडघे आज दुखायचेच इसरले," म्हातारी सोनाई म्हणाली, नि सगळ्या खिदळल्या.

थांब्याच्या सावलीत भागू मोकळी झाली. मुलगी. तिच्या पहिल्या रडण्याला इंजिनानं आपणहून शिट्टी दिली. डायवर तर तेव्हा खाली बसून भाकरी खात होता, असं म्हणतात. येसाईनं नातीला पदरात घेतलं आणि तिथंच, रुळाला टेकून, लांब श्वास सोडला.

ते इंजिन कधीच मोडीत गेलं. आता विजेची गाडी येते, तिला तहान लागत नाही. पण करंजखोपची लेक पहिल्या बाळंतपणाला आली की येसाईच्या नावानं आधी रुळावर घागरभर पाणी पडतं, गुळाचा खडा ठेवला जातो, मगच लेकीच्या पायांवर पाणी. आणि गाडी निघताना डायवर जरा लांब शिट्टी देतो. ती ऐकली की घराघरातल्या म्हाताऱ्या म्हणतात, "पोचली बाई," आणि चुलीवर पाणी ठेवतात.